वीज जिथून निघते

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी मागे पडली की पडघा येतं. वाहनांच्या गर्दीत इथल्या वीज उपकेंद्राकडे कुणी मान वळवून पाहत नाही. मात्र इथे येऊन थांबणारी एक वाहिनी महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाहून निघालेली आहे. चंद्रपूर ते पडघा, अंतर ७५२ किलोमीटर. १९९९ पासून या तारांतून ५०० किलोव्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह वाहतो आहे. तिची क्षमता १,५०० मेगावॅट. एवढ्या लांबच्या पल्ल्यावर नेहमीच्या प्रत्यावर्ती प्रवाहापेक्षा एकदिश प्रवाहात गळती कमी होते, तारा कमी लागतात आणि मनोऱ्यांखाली जमीनही कमी जाते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे देखणं काम आहे. विदर्भात कोळसा जाळायचा आणि त्यातून निघालेली वीज सह्याद्री ओलांडून मुंबईच्या दाराशी आणून सोडायची. धूर, राख आणि खाणीतली माती मात्र तारेतून पाठवता येत नाही, ती जिथल्या तिथे राहते.

म्हणून या तारांचा माग उलट्या दिशेने काढत जाण्यात अर्थ आहे. कल्याणला रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस धरली की सकाळी नागपूर.

चंद्रपूर नागपूरच्या दक्षिणेला असलं तरी या प्रवासाची सुरुवात उत्तरेला, कोराडीला करावी. जगदंबेच्या देवळाशेजारी तलाव आणि पलीकडे ६६० मेगावॅटच्या तीन संचांच्या चिमण्या. नवरात्रात इथे लाखो भाविक येतात. शहर आणि वीज केंद्र या दोन सार्वजनिक संस्थांनी मिळून शहाणपणाचं काम केलं तर काय साधतं, त्याचं उदाहरण इथे बघायला मिळतं. औष्णिक केंद्राला पाणी भरपूर लागतं. नागपूर महापालिकेकडे रोज कोट्यवधी लिटर सांडपाणी तयार होतं. भांडेवाडीला ते शुद्ध करून कोराडीला द्यायचं, असं ठरलं आणि प्रत्यक्षात आलं. त्यामुळे धरणातलं तेवढं पाणी माणसांसाठी वाचलं. देशात असे करार फार थोड्या ठिकाणी झाले आहेत.

याच परिसरात जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला. राखेचा करडा गाळ नाल्यातून, शेतांतून वाहत गेला. दगडी कोळशाची राख पाण्यात कालवून अशा तलावांत साठवतात. पाऊस वाढला की बांधावरचा दाब वाढतो. पाण्याचा करार आणि फुटलेला बांध या दोन्ही गोष्टी एकाच केंद्राच्या. यंत्रं तीच होती आणि कोळसाही तोच होता. पहिल्या कामात कुणीतरी आधीच विचार करून जबाबदारी वाटून घेतली होती. हा फरक पुढच्या सगळ्या प्रवासात पदोपदी भेटतो.

नागपूर ते चंद्रपूर रस्ता सुमारे दीडशे किलोमीटरचा. बुटीबोरीचे कारखाने ओलांडले की कापूस-सोयाबीनची काळी रानं सुरू होतात. वरोऱ्याला थांबणारे बहुतेक लोक आनंदवनासाठी थांबतात आणि ते योग्यच आहे. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये खडकाळ जमिनीवर सुरू केलेलं हे काम पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याच वरोऱ्याला कोळशाचाही जुना इतिहास आहे. इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे खाण उघडली आणि तिच्यासाठी वर्धेपासून रेल्वेचा फाटा आणला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती खाण बंदही पडली. तेव्हापासून आजपर्यंत या भागातल्या रेल्वेचा नकाशा आणि कोळशाचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर जवळजवळ जुळतात.

पुढे भद्रावती. विजासनची लेणी, जैन मंदिर, चिनी मातीची भांडी आणि आयुध निर्माणी. शेजारच्या बरांजच्या खाणीतला कोळसा कर्नाटकातल्या वीज केंद्रासाठी राखलेला आहे. म्हणजे बल्लारीला दिवे लागावेत म्हणून भद्रावती तालुक्यात जमीन खोदली जाते आणि तिथल्या प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनासाठी आंदोलनं करत राहावं लागतं. याच तालुक्यात पश्चिम आणि दक्षिण भारताच्या वीजजाळ्यांना जोडणारं केंद्रही आहे. भारताच्या वीज व्यवहारात या छोट्या गावाचं स्थान केवढं मोठं आहे, हे बाहेरच्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

चंद्रपूरच्या अलीकडे पडोलीचा चौक लागतो. इथून घुग्घुसला रस्ता फुटतो आणि कोळसा वाहणाऱ्या ‘हायवा’ ट्रकांची रांग सुरू होते. नियमानुसार प्रत्येक ट्रकवर ताडपत्री बांधलेली असायला हवी. रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर बसलेली काळपट पूड पाहिली की हा नियम किती पाळला जातो ते कळतं. उन्हाळ्यात पारा ४७ अंशांच्या वर जाणारं हे शहर. त्या उन्हात दुचाकीवरची माणसं तोंडाला रुमाल गुंडाळतात, उन्हासाठीही आणि धुळीसाठीही.

जुनं चांदा हे गोंड राजांचं नगर. इरई आणि झरपट नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या या शहराला सुमारे ११ किलोमीटरचा परकोट आहे. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा अशी त्याची दारं. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि तेलंगणातून लोक येतात. काही वर्षांपूर्वी ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी दिवसेंदिवस झाडलोट करून परकोटावरची झुडपं काढली, कचरा उपसला आणि बुरुज पुन्हा चालण्याजोगे केले. या शहराला स्वतःबद्दल ममता आहे. ती सरकारी फलकांवरून नव्हे, अशा कामांतून दिसते.

परकोटाच्या पलीकडे, शहराच्या उत्तरेला, दुर्गापूर-ऊर्जानगरच्या बाजूला चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे. पहिला संच १९८३ चा. पुढे वाढत वाढत ते ३,३४० मेगावॅटपर्यंत गेलं आणि सर्वांत जुने दोन संच मोडीत निघाल्यावर आता २,९२० मेगावॅटवर आहे. राज्याच्या मालकीच्या वीज केंद्रांमध्ये हे सर्वांत मोठं. हा आकडा नुसता ऐकून सोडून देण्यासारखा नाही. सगळे संच पूर्ण ताकदीने दिवसभर चालले तर सुमारे सात कोटी युनिट वीज तयार होईल. आपल्याकडच्या कोळशाची प्रत पाहता एका युनिटला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे दिवसाला पन्नास हजार टनांच्या आसपास कोळसा. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण तीस-चाळीस टक्के असतं. त्या हिशेबाने एका दिवसाची राख पंधरा ते वीस हजार टन होते. पाण्याची मर्यादा सरकारने जुन्या केंद्रांसाठी युनिटमागे साडेतीन लिटर ठरवली आहे. ती पाळली तरी दिवसाला चोवीस-पंचवीस कोटी लिटर पाणी लागेल. प्रत्यक्षात सगळे संच कधीच एकदम पूर्ण भाराने चालत नाहीत, त्यामुळे रोजचे आकडे याहून खाली राहतात. तरीही व्याप्ती लक्षात येते.

हे पाणी इरई धरणातून येतं. चंद्रपूर शहरही त्याच धरणाचं पाणी पितं. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटलं तेव्हा केंद्राचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. पुढे परळीच्या केंद्रावर २०१३ आणि २०१५ मध्ये हीच वेळ आली. वीज कमी पडली की मुंबई-पुण्यात कोळशाच्या टंचाईची चर्चा होते. दुष्काळी वर्षांत महाराष्ट्राच्या विजेचा गळा पाण्याने आवळला होता, हे त्या चर्चेत क्वचित येतं. नागपूरकर कोराडीला सांडपाणी देऊ शकतात, तर बाकीच्या केंद्रांच्या जवळच्या शहरांनीही हा विचार फार आधी करायला हवा होता.

राखेचं काय होतं, हा प्रश्न इथे प्रत्येकाच्या तोंडी असतो. केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढून वीज केंद्रांच्या ५० किलोमीटर परिघातल्या वीटभट्ट्यांना राख वापरणं बंधनकारक केलं. नंतर परीघ वाढत गेला, मुदती पुढे सरकत गेल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा नवी अधिसूचना आली. चंद्रपूरला एक सोय निसर्गानेच केली आहे. राजुरा-कोरपना भागात चुनखडी आहे, म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाही आणि घुग्घुसला सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. सिमेंटमध्ये राख मिसळता येते आणि मिसळली जातेही. त्यामुळे कोरडी राख बऱ्यापैकी उचलली जाते. तलावात वर्षानुवर्षं साचलेली ओली राख मात्र कुणाला नको असते. उन्हाळी वारा सुटला की तिचा थर उडून जवळच्या गावांतल्या अंगणांत येतो.

आता थोडं हिशेबाच्या वहीकडे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिल्लीच्या आयआयटीच्या मदतीने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांची हवा, पाणी आणि जमीन तपासून गुण दिले. सत्तरच्या वर गेलेली ४३ क्षेत्रं ‘तीव्र प्रदूषित’ ठरली. चंद्रपूरला ८३.८८ गुण होते आणि देशात चौथा क्रमांक होता. पुढे होती अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. जानेवारी २०१० मध्ये या सगळ्या क्षेत्रांत नव्या प्रकल्पांना तात्पुरती बंदी आली. कृती आराखडे तयार झाले तशी ती बंदी एकेका ठिकाणी उठत गेली. २०१८ ला पुन्हा मोजणी झाली. पहिलं नाव महाराष्ट्रातल्याच तारापूरचं आलं आणि चंद्रपूर अजूनही सत्तरच्या वरच होतं. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीतही ते आहे.

एवढी वर्षं मोजूनही आकडा पुरेसा खाली का येत नाही? ऊर्जानगरच्या रस्त्यावर उभं राहून विचार केला तर उत्तराचा एक मोठा भाग समोरच दिसतो. वीज केंद्र राज्य सरकारच्या कंपनीचं. भोवतालच्या बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे इथल्या भाषेत ‘वेकोलि’च्या, आणि ती केंद्र सरकारची. दोघांवर लक्ष ठेवायचं ते राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने. मंडळाने एखादा संच बंद करायला सांगितला, तर भारनियमनाचा राग ज्या सरकारवर निघणार त्याच सरकारचं हे मंडळ. अशा रचनेत प्रामाणिक अधिकाऱ्यालाही फार पुढे जाता येत नाही. दंड एका सरकारी खिशातून दुसऱ्या सरकारी खिशात जातो.

गंधकाच्या वायूचं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडवर पहिल्यांदा मर्यादा घातली. दोन वर्षांत सगळ्यांनी धूर धुणारी यंत्रणा बसवायची होती. मुदत आधी २०२२ पर्यंत गेली, मग आणखी पुढे. जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य संचांना ही यंत्रणा बसवण्यापासून सूटच मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असतं आणि खर्च मोठा आहे, असा युक्तिवाद त्यामागे होता. तीव्र प्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणानुसार होईल, असं त्या अधिसूचनेत आहे. चंद्रपूर या गटात येतं. नियम झाल्यापासून पहिल्या दहा वर्षांत इथल्या माणसाच्या वाट्याला मुदतवाढीच आल्या.

अर्थशास्त्रात एक लोकप्रिय वक्ररेषा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन अर्थतज्ज्ञ जीन ग्रॉसमन आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी अनेक देशांची आकडेवारी तपासून दाखवलं, की उत्पन्न वाढायला लागलं की आधी प्रदूषण वाढतं आणि एका टप्प्यानंतर ते घटू लागतं. लोक श्रीमंत झाले की स्वच्छ हवा मागतात, सरकारकडे पैसा येतो, तंत्रज्ञान सुधारतं. पुष्कळ प्रदूषकांच्या बाबतीत हे घडलेलंही आहे. या रेषेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: श्रीमंत होणारी माणसं आणि धूर पिणारी माणसं एकाच जागी राहतात. पडघ्याच्या तारेने ती जागाच तोडली. विजेमुळे वाढणारं उत्पन्न तारेच्या एका टोकाला, धूर दुसऱ्या टोकाला. मुंबईकर कितीही श्रीमंत झाला तरी दुर्गापूरची हवा स्वच्छ व्हावी असं त्याला आपोआप वाटणार नाही, कारण ती त्याच्या नाकात जात नाही. मग ते काम कायद्याला आणि कारभाराला करावं लागतं.

हे अंतर भरून काढायचा एक प्रयत्न २०१५ च्या खनिज कायदा दुरुस्तीत झाला. खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानं स्थापन झाली. जुन्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातल्या नव्या पट्ट्यांनी १० टक्के रक्कम त्यात भरायची. पैशातला किमान ६० टक्के वाटा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा कामांवर खर्च व्हावा असं २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं होतं. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात ही रक्कम मोठी असते. ती खाणीच्या काठावरच्या गावात खर्च होते की जिल्ह्याच्या ठिकाणी डोळ्यांत भरणाऱ्या इमारतींवर, यावर इथल्या पत्रकारांची आणि कार्यकर्त्यांची नजर असते आणि ती असायलाच हवी.

घुग्घुसला जाऊन यावं. वर्धा नदीकाठचं हे खाणगाव. भूमिगत खाणी, खुल्या खाणी, सिमेंट, रेल्वेचं सायडिंग, सगळं एकमेकांना खेटून. २६ ऑगस्ट २०२२ रोजी इथल्या आमराई वॉर्डात एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. कोळसा काढून झाल्यावर खाणीच्या पोकळीत वाळू भरायची असते, त्या भागावर वस्ती होऊ द्यायची नसते, जुने नकाशे जपायचे असतात. ही कामं मागच्या पिढीने नीट केली की नाही, ते पुढच्या पिढीला पायाखालची जमीन सरकली तेव्हाच कळतं.

खुल्या खाणींचं दृश्य वेगळं. कोळशावरची माती काढून बाजूला रचतात, तिला सगळे ‘ओबी’ म्हणतात. या ओबीचे सपाट माथ्याचे डोंगर वर्धा आणि इरईच्या काठाकाठाने उभे आहेत. पावसाळ्यात त्यांची माती नदीत उतरते, पात्र उथळ होतं आणि पुराचं पाणी शेतात शिरतं, अशी शेतकऱ्यांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. काही ढिगांवर वेकोलिने झाडं लावली आहेत. त्यातली बरीच बाभूळ, सुबाभूळ अशी लवकर वाढणारी. मूळच्या सागवानी जंगलाची जागा ती घेत नाहीत, पण माती धरून ठेवतात.

आणि मग वाघ.

दुर्गापूर-पद्मापूरच्या खाणी सोडून मोहर्लीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात ताडोबा. महाराष्ट्रातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान १९५५ चं. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं, पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१० मध्ये भोवती बफर क्षेत्र आलं. एकूण क्षेत्र सतराशे चौरस किलोमीटरहून अधिक. जंगल खाणींना आणि वीज केंद्राला असं चिकटलेलं आहे, की वाघ कुंपण ओळखत नाहीत. वीज केंद्राच्या आवारात झुडपी जंगल आहे, पाणी आहे, रानडुकरं आहेत, म्हणून वाघ तिथेही राहतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रातल्या एका कामगाराला वाघाने मारलं आणि लगेच दुर्गापूरमधून एका किशोरवयीन मुलाला बिबट्याने उचलून नेलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये जुनोन्याजवळ गोंदिया-बल्लारशा मार्गावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली गेले. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

या संघर्षात विजेचा आणि इंधनाचा धागा आहे, तो वरवर पाहून लक्षात येत नाही. बफरमधली बाई रानात जाते ती मोह, तेंदू आणि सरपणासाठी. घरात गॅस आला तर निदान सरपणाची फेरी वाचते. म्हणून राज्य सरकारच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत बफरच्या गावांना सवलतीत गॅसजोडणी देण्यात आली. वाघापासून माणूस आणि माणसापासून जंगल, दोन्ही वाचवणारी ही साधी, हुशार योजना. सिलिंडर पुन्हा भरायला परवडला नाही की चूल परत पेटते, म्हणून जोडणीइतकंच पुढच्या भरण्याला महत्त्व द्यायला हवं. दुसरा धागा शेतीपंपाचा. देशाच्या मोठ्या वीज केंद्रांपैकी एक उशाशी असताना इथल्या शेतकऱ्याच्या वाट्याला पंपाची वीज पाळीपाळीने येते, आणि पाळी रात्रीची असली की धानाच्या किंवा चण्याच्या बांधावर अंधारात जावं लागतं. तिथे वाघ असू शकतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या सौर प्रकल्पांतून शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची कल्पना आहे. राज्यभर तिचं कौतुक अनुदान वाचतं म्हणून होतं. चंद्रपूर जिल्ह्यात ती माणसाचा जीव वाचवू शकते, म्हणून व्याघ्र प्रकल्पाभोवतीचे फिडर पहिल्या फेरीत घेतले पाहिजेत.

ताडोबाच्या वेशीवर कारभाराची चांगली बाजूही दिसते. लोहाऱ्याचा कोळसा गट एका खासगी वीज प्रकल्पासाठी दिला गेला होता. चंद्रपूरकरांनी उपोषणं केली, मोर्चे काढले, कागदपत्रं तपासली आणि जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना केंद्राने तो प्रकल्प अडवला. दहा-अकरा वर्षांनी, २०२० मध्ये, चिमूरकडच्या बंदर गटाचं नाव लिलावाच्या यादीत आलं. तो ताडोबा ते बोर या वाघांच्या वाटेवर होता. पुन्हा विरोध झाला आणि नाव वगळलं गेलं. दोन्ही वेळा जंगल वाचलं, पण दोन्ही वेळा शेवटचा शब्द दिल्लीतल्या मंत्र्याचा होता. मंत्री वेगळा असता, वर्तमानपत्रांनी लक्ष दिलं नसतं, तर काय झालं असतं, हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. कोळशासाठी जमीन घेतली जाते ती १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने आणलेली संमतीची आणि सामाजिक परिणाम तपासण्याची अट त्याला लागू नाही. जनसुनावणी होते, लोक बोलतात, बोलणं लिहून घेतलं जातं. नकार द्यायचा अधिकार गावाकडे नसतो.

त्याच जिल्ह्यात दुसऱ्या कायद्याखाली काय घडतं ते पाहायला बल्लारपूरमार्गे गोंडपिपरीच्या दिशेने निघावं. बल्लारपूर एकेकाळची गोंडांची राजधानी, १९४५ पासून कागद कारखान्याचं गाव. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या करारांनी या कारखान्याकडे जात होता. गावकऱ्याने तोच बांबू तोडला तर गुन्हा. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि त्याने बांबूला गौण वनोपज मानलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने खुद्द केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते ग्रामसभेच्या हाती आले. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा देशभर पोचली होतीच.

गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव त्या मानाने कमी प्रसिद्ध. छोटंसं गाव, बहुसंख्य गोंड कुटुंबं. २०१२ मध्ये इथल्या ग्रामसभेला सुमारे १,००६ हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. त्यानंतर बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, मजुरी काय, विकायचा कुणाला, सगळं गावाने ठरवायला सुरुवात केली. पावसाळ्यात कोंब फुटतात तेव्हा तोड बंद. पूर्वी कामासाठी बाहेर जाणाऱ्या माणसांना आपल्याच जंगलात काम मिळू लागलं. सगळ्यांत मोठा निर्णय तेंदूपत्त्याचा. या भागात उन्हाळ्याच्या तोंडावर गावांना रोख पैसा मिळतो तो तेंदूतून. चांगली पानं यावीत म्हणून झाडं छाटतात, रानात आगी लावतात, आणि त्यात कोवळी रोपं जळून जातात. पाचगावने विचार करून तेंदू तोडायचा नाही असं ठरवलं. एवढं उत्पन्न सोडणं गरीब गावाला सोपं नव्हतं. जंगलाचा एक तुकडा तर त्यांनी कुणीच हात लावायचा नाही म्हणून बाजूला ठेवला.

एका गावाच्या बांबूवर मुंबईची लोकल चालणार नाही, हे उघड आहे. कोळशाच्या जागी सूर्य आणि वारा यायला वेळ लागेल आणि तोवर दुर्गापूरच्या चिमण्या चालू राहतील. पण कारभाराची पद्धत इथून तिथे नेता येते. देशातल्या मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांच्या चिमण्यांवर अहोरात्र धूर मोजणारी यंत्रं बसवणं बंधनकारक आहे. त्यांचे आकडे थेट प्रदूषण मंडळाच्या संगणकांवर जातात. हे आकडे दुर्गापूर आणि ऊर्जानगरच्या ग्रामसभांत दर महिन्याला मराठीत वाचून दाखवावेत, राख किती उचलली आणि किती साचली याचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवावा, खनिज प्रतिष्ठानच्या कामांची यादी त्यांच्या मंजुरीने व्हावी. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. पाचगावची माणसं बांबूच्या प्रत्येक बंडलाची नोंद ग्रामसभेपुढे ठेवतात. दुर्गापूरच्या माणसांना त्यांच्याच हवेचा हिशेब त्याच हक्काने मागता आला पाहिजे, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तर संच थांबवण्याची शिफारस करण्याचा अधिकारही त्या ग्रामसभेला मिळाला पाहिजे.